शंभर घरांचा हिशेब

(वस्तीतल्या अभ्यास मंडळात १ नोव्हेंबरला केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय. बोलताना राहिलेलं थोडं नंतर घातलंय.)



आज मी पाळी बुडवून आलोय. गोदीत कंत्राटावरच्या माणसाची पाळी बुडाली की रोज बुडतो. मुकादमाला सांगितलं, भाषण आहे. त्यानं विचारलं, कुणाचं? म्हटलं, माझं. तर तो खोकेपर्यंत हसला. तेव्हा ह्या भाषणाला माझा एक रोज लागलाय, हे आधीच मांडून ठेवतो. कारण आज जिच्याबद्दल बोलायचंय ती बाई सगळं असंच मांडायची. किती आले, किती गेले, कोण राबलं आणि कुणाच्या नावावर लागलं.

तिचं नाव सॅडी टॅनर मॉसेल अलेक्झांडर. अमेरिकेतली काळी बाई. २ जानेवारी १८९८ ला फिलाडेल्फिया शहरात जन्मली, १ नोव्हेंबर १९८९ ला गेली. १९२१ साली तिनं अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेतली. अमेरिकेतल्या काळ्यांमध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेणारी ती पहिली. पहिली बाई असं म्हणत नाही मी. पहिलं माणूस. तिच्याआधी एकाही काळ्या पुरुषाला ती मिळाली नव्हती. मी तिला 'ती' म्हणतोय, 'त्या' म्हणत नाही, ह्याचा कुणी राग मानू नये. आईलाही आपण 'ती'च म्हणतो.

आता कुणी म्हणेल, फिलाडेल्फियाचं इथं काय? इथं नळाला पाणी नाही, तू अमेरिका काय सांगतोस? तर त्याला दोन गोष्टी सांगतो. १८७३ साली जोतिरावांनी 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडायला हात लावला त्यांना. आपल्याकडच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ती माणसं दीडशे वर्षं बसलेली आहेत. आणि १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात उतरले ते अर्थशास्त्रच शिकायला. १९१५ ला ते एम. ए. झाले, त्याच वर्षी ही पोरगी फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखल झाली. दोन शहरांत रेल्वेनं काही तासांचं अंतर. दोघांची गाठ पडली असं मी म्हणत नाही. पण दोघांनी एकाच काळात एकच शास्त्र हातात का घेतलं, ह्याचा विचार करा. लुटणाऱ्याची वही वाचता आली पाहिजे, म्हणून.

मी तिच्यापर्यंत गेलो ते गोदीच्या वाटेनं. गोदी कामगारांच्या संपाबद्दल वाचत होतो. मॅट्रिकचं इंग्रजी, शेजारी शब्दकोश, रात्री दीड-दोन पानं. त्यात नाव सापडलं बेन फ्लेचर. फिलाडेल्फियाचा काळा गोदी कामगार. १९१३ च्या मे महिन्यात तिथल्या चार हजारांहून जास्त गोदी कामगारांनी संप केला आणि जिंकला. तोवर मालक एका धंद्याचं सूत्र चालवत होते: आयरिश गँग वेगळी, पोलिश वेगळी, काळ्यांची वेगळी, आणि एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला त्याच्या अंगावर घालायचं. फ्लेचरच्या युनियननं काळे-गोरे एका गँगमध्ये आणले. १९१८ साली सरकारनं युद्धाच्या नावाखाली त्या संघटनेच्या शंभरेक लोकांवर शिकागोत खटला भरला. आरोपींत काळा माणूस एकटा फ्लेचर. दहा वर्षांची सजा. १९२२ ला मालकांनी टाळेबंदी करून युनियनही मोडली. आपल्या गँगा कशा पडतात, कुणाच्या हातात हूक येतो आणि कुणाच्या हातात टॅलीची वही, हे बघितलेल्याला ह्यात नवं काही वाटायचं नाही.

पण वाचता वाचता एक प्रश्न पडला. ह्या माणसांच्या घरात काय शिजत होतं? संपाचा इतिहास लिहिणारे गोदीच्या गेटपर्यंत येतात आणि गेटातूनच मागं फिरतात. घरापर्यंत कुणी जात नाही. फिलाडेल्फियातल्या काळ्या मजुरांच्या घरापर्यंत गेली, ती सॅडी. तिच्या प्रबंधाचं नावच तसं आहे: फिलाडेल्फियातल्या शंभर स्थलांतरित निग्रो कुटुंबांचं राहणीमान. निग्रो हा तेव्हाचा शब्द, तिचाही.

काळ समजून घ्या. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारा मजूर थांबला. कारखान्यांना आणि रेल्वेला हात पाहिजे होते. १९१६ पासून रेल्वे कंपन्यांनी दक्षिणेतून काळे मजूर गाड्या भरून आणले. दक्षिणेत मागं काय होतं? अर्धलीची शेती, कधी न फिटणारं कर्ज, आणि झाडाला लटकवलेली माणसं. १९१० ला फिलाडेल्फियात काळी लोकसंख्या ८४,४५९ होती. १९२० ला १,३४,२२९ झाली. एवढी माणसं आली, पण घरं तेवढीच. १९१८ च्या जुलैत एका काळ्या बाईनं गोऱ्यांच्या गल्लीत घर विकत घेतलं म्हणून जमाव तिच्या दारावर गेला, दगड मारले, आणि दंगल पेटून माणसं मेली. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आडनाव विचारून खोली नाकारणारे मालक आपण ह्याच शहरात बघितलेत.

अशा वेळी ही बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, म्हणजे इथं बसलेल्या बहुतेकांच्या वयाची, शहराच्या एकोणतिसाव्या वॉर्डातली शंभर घरं घेते. तिच्याआधी वीस-बावीस वर्षं डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी त्याच शहरातल्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून काळ्यांची पाहणी केली होती, १८९९ ला तिचं पुस्तक झालं. विद्यापीठानं त्यांच्याकडून काम करून घेतलं, पण शिकवायची जागा दिली नाही. सॅडी त्याच वाटेनं निघाली. घरात माणसं किती, कमावतो कोण, मिळतं किती, भाडं किती, खाण्यावर किती, कपड्यांवर किती, जळणावर किती. आणि सगळं मांडून झाल्यावर प्रश्न एकच: एवढ्या मिळकतीत हे कुटुंब माणसासारखं जगू शकतं का?

हा प्रश्न साधा वाटतो. साधा नाही. तोवर गोरे विद्वान काय विचारायचे? ही माणसं आळशी का? ह्यांची पोरं का मरतात? ह्यांच्या घरात घाण का? म्हणजे चौकशी माणसाच्या रक्ताची. सॅडीनं चौकशी केली पगाराची आणि भाड्याची. गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून माणूस काढला आणि तिथं हिशेब उभा केला. आपल्या वस्तीवर जे अहवाल लिहिले जातात ते वाचा. व्यसन, अस्वच्छता, अंधश्रद्धा. मुकादमाची कटोती किती, हा रकाना कुठल्या अहवालात असतो? मी तरी पाहिलेला नाही.

आता ती शिकली कशी, ते ऐका. ती झोपडीतली नव्हती, हे खोटं न बोलता सांगितलं पाहिजे. आजोबा बिशप. बाप त्याच विद्यापीठातून १८८८ साली कायद्याची पदवी घेणारा पहिला काळा माणूस. पण ती वर्षाची असताना बाप घर सोडून गेला. आईनं आणि आईच्या माहेरानं वाढवलं. बापाची पदवी भिंतीवर राहिली असेल, चूल आईनं पेटवली. विद्यापीठात वर्गातल्या गोऱ्या पोरी तिच्याशी बोलत नसत. वर्ग कुठे आहे विचारलं तरी उत्तर नाही. जेवायला आसपास बसू देत नसत. चार वर्षांचा अभ्यास तिनं तीन वर्षांत केला, १९१८ ला पदवी, १९१९ ला एम. ए., १९२१ ला डॉक्टरेट. हुशार विद्यार्थ्यांच्या मानाच्या मंडळात तिला तेव्हा घेतलं नाही. घेतलं १९७० साली. बावन्न वर्षांनी. तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती.

आणि डॉक्टरेट मिळाल्यावर? ह्या शहरात नोकरी नाही. गोऱ्या विमा कंपन्यांत नाही, विद्यापीठात तर नाहीच. काळ्यांचीच एक विमा कंपनी होती दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी. तिथं ती सहायक विमागणिती म्हणून गेली. दोन वर्षांनी परत आली, १९२३ ला लग्न केलं, वर्षभर घरात बसली. मग १९२४ ला त्याच विद्यापीठात पुन्हा गेली, कायदा शिकायला. १९२७ ला वकील झाली. पेनसिल्व्हेनियात वकिली करणारी पहिली काळी बाई. अर्थशास्त्राचं दार उघडलं नाही म्हणून कोर्टाच्या दारानं आत गेली. हॉटेलं, नाटकगृहं काळ्यांना उघडी करायला ती आणि तिचा नवरा लढले. १९३५ च्या राज्याच्या समान हक्क कायद्यामागं त्या दोघांची मेहनत होती. १९४६ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नागरी हक्कांची समिती नेमली, तिच्यात ती होती. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी दु बॉइस यांना पत्र लिहून विचारलं होतं की काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मिळेल का. कुठं कुठं धागे जातात बघा.

१९९१ साली ज्युलियन मालव्हो ह्या काळ्या अर्थतज्ज्ञ बाईनं तिच्यावर लेख लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ होतो, हुकलेली संधी. हुकली कुणाची? आपण पटकन म्हणू, सॅडीची. नाही. संधी हुकली अर्थशास्त्राची. जिनं सत्तर वर्षं त्या शास्त्राला काहीतरी शिकवलं असतं तिला दारात उभं ठेवून शास्त्र अडाणी राहिलं. २०२१ ला नीना बँक्स ह्या अर्थतज्ज्ञ बाईनं तिची भाषणं आणि लेख शोधून, गोळा करून पुस्तक छापलं. डॉक्टरेटनंतर शंभर वर्षांनी. तेव्हा लोकांना कळलं की वकिली करताना ही बाई अर्थशास्त्र विसरलीच नव्हती. चर्चमध्ये, सभांमध्ये, बायकांच्या मेळाव्यांत ती तेच बोलत होती.

काय बोलत होती? १९३० च्या जुलैत 'ऑपॉर्च्युनिटी' नावाच्या काळ्यांच्या मासिकात तिनं एक लेख लिहिला, आपल्या आर्थिक जीवनातल्या काळ्या बायका असा विषय. माझ्या शब्दांत सांगतो. पूर्वी कापड घरात व्हायचं, साबण घरात व्हायचा, खाणं घरात साठवलं जायचं. बाई ते करायची आणि ती कमावती होती. मग कारखाना आला. ह्या वस्तू बाहेर बनू लागल्या आणि त्यांना पैशाचा भाव लागला. ज्याला पैसा मिळतो ते काम, ज्याला मिळत नाही ते काम नाही, असा नवा हिशेब सुरू झाला. घरात उरलेलं स्वयंपाक, धुणं, पोरं, म्हातारी माणसं, ह्याला कुणी पगार देत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य झाली. काम शून्य नव्हतं. वही लिहिणाऱ्यानं शून्य लिहिलं.

आणि काळी बाई? ती तर कधी घरात बसलीच नव्हती. गुलामीत राबली, गुलामी गेल्यावर राबली. १९१० च्या खानेसुमारीत काळ्या बायकांत निम्म्याहून जास्त कामावर होत्या. गोऱ्या बायकांत हे प्रमाण कितीतरी कमी. पण कामं कुठली? दुसऱ्याच्या शेतात आणि दुसऱ्याच्या मोरीत. युद्धात कारखान्याचं दार किलकिलं झालं तेव्हा ती आत गेली, पण शेवटच्या जागेवर. सगळ्यात घाण, सगळ्यात गरम, सगळ्यात कमी पगाराचं काम. आणि वर तिलाच बोल लावायचे की तू बाहेर गेलीस म्हणून घर मोडलं, तू कमी पगारात राबतेस म्हणून पुरुषाचा पगार पडला. सॅडी ह्या तक्रारी टाळत नाही. समोर घेते, आणि म्हणते, ह्या बाईच्या पगारानं घराचं राहणीमान वर आलं की नाही, ते आधी बघा. आलं.

आणखी एक गोष्ट ती सांगत राहिली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये, युद्ध चालू असताना, फिलाडेल्फियात ट्रॅम चालवायच्या कामावर आठ काळ्या माणसांना घेतलं. तर गोऱ्या कामगारांनी सगळ्या शहराची वाहतूक बंद पाडली. सरकारला लष्कर आणावं लागलं. आठ माणसं! सॅडीचं त्या दशकातलं म्हणणं असं की कामच अपुरं असेल तर माणूस माणसाच्या नरडीवर बसणारच. काळ्याला शेवटी घेणार, पहिल्यांदा काढणार. म्हणून मागणी करायची ती सगळ्यांना काम ह्याची. सरकारनं पूर्ण रोजगाराची हमी घ्यावी. हे ती काळ्यांसाठी मागत होती आणि गोऱ्या गरिबालाही त्यात धरत होती.

आता तिची चूकही सांगतो, नाहीतर हे भाषण न राहता आरती होईल. तिच्या १९२१ च्या प्रबंधात दक्षिणेतून आलेल्या लोकांबद्दल काही वाक्यं अशी आहेत की वाचून माझं डोकं सणकलं. हे लोक अडाणी, ह्यांना संस्कार नाहीत, ह्यांच्या येण्यामुळं शहरातल्या जुन्या, सुस्थितीतल्या काळ्यांची प्रगती अडली, अशा अर्थाचं. म्हणजे शंभर घरांत गेली, पण घर बघताना नजर बिशपच्या नातीची. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. चार इयत्ता शिकलेला, नोकरीला लागलेला, फ्लॅटमध्ये गेलेला आपलाच माणूस वस्तीकडं बघून नाक मुरडतो, तो हाच. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल बोलताना किती दुखावले होते, ते तुम्हाला माहीत आहे. पण सॅडी तिथं थांबली नाही. नऊ वर्षांनी तीच बाई कारखान्यातल्या आणि मोरीतल्या बाईच्या बाजूनं लिहिते. पुढं सगळ्यांना काम मागते. शिक्षणानं तिला आधी आपल्या माणसांपासून लांब नेलं, आणि मग अपमानानं म्हणा, विचारानं म्हणा, परत आणलं. आपण सगळे ह्या वाटेवर कुठंतरी आहोत. कुठं आहोत ते ज्याचं त्यानं बघावं.

मी कुठं आहे ते सांगतो.

हे वाचून मला चेव आला. म्हटलं आपणही शंभर घरांचा हिशेब करू, सुरुवात आपल्यापासून. वही घेतली. मी कवी माणूस. भाकरीवर माझ्या चार कविता आहेत, टाळ्या पडलेल्या. पण ज्वारीचा भाव लिहायची वेळ आली तेव्हा आईच्या तोंडाकडं बघावं लागलं. तिनं सांगितलं. तेल सुटं घेतो म्हणून महाग पडतं, तेही सांगितलं. मग कमावणाऱ्यांचा रकाना आला. माझं नाव लिहिलं, पुढं गोदी, रोज इतका. आईचं नाव लिहिलं, पुढं चार घरची धुणी-भांडी, महिना इतका. मग धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं: काही नाही.

आई वाचू शकत नाही. म्हणाली, "तिच्या म्होरं काय लिवलंस?"

म्हटलं, "काही नाही असं लिहिलंय."

आई काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाण्याला कोण उठतं रं?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी घड्याळ घेऊन बसलो. साडेचारला पाणी येतं, ती सव्वाचारला उठली. रांग, हंडे, चूल, माझा डबा, आजीला न्हाऊ घालणं, आजीचं अंथरूण धुणं, रेशनची रांग, दळण, संध्याकाळी आईनं आणलेली शिवणाची पिशवी, पुन्हा चूल, पुन्हा भांडी. रात्री साडेदहाला ती आडवी झाली. मधली बसलेली, जेवलेली, शेजारणीशी बोललेली वेळ वजा करून अकरा तास भरले. माझी पाळी आठ तासांची, आणि तिला युनियनचा इतिहास आहे. तिच्या अकरा तासांना एक ओळसुद्धा नव्हती. असलेली ओळ मी लिहिली होती, 'काही नाही' म्हणून.

आणि खरी गोष्ट अजून सांगितली नाही. ती आठवीत असताना आजी अंथरुणाला खिळली. घरात एक माणूस पाहिजे होतं. माझी दहावी होती. कुणी बैठक घेतली नाही, कुणी ठराव केला नाही. तिची शाळा सुटली आणि मी मॅट्रिक झालो. ती गणितात माझ्यापेक्षा पुढं होती. मी तुमच्यापुढं उभं राहून अमेरिकेतल्या बाईच्या डॉक्टरेटवर बोलतोय ते तिच्या आठवीच्या वह्यांवर पाय ठेवून. कुणी विचारलं, बाईचं शिक्षण, बाईचं श्रम आणि घराचं अर्थशास्त्र ह्यांचा संबंध काय? तर हा संबंध. एकाच्या सर्टिफिकेटवर दोघांचे मार्क असतात.

हे माझ्याच घरात आहे असं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाचे ८८. २०१९ ला हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषानंही नऊ मिनिटं काढून घेतली. सॅडीनं १९३० ला जे म्हटलं त्यावर आज सरकारी शिक्का आहे, पण वहीतलं शून्य अजून शून्यच आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा ते बाजूनं उभे राहिले. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं, आणि त्याचा भार सरकारनं घ्यावा, मालकालाही सुटका नाही, असं त्यांनी मांडलं. म्हणजे बाईच्या पोटातलं काम हे सुद्धा काम, आणि त्याचा खर्च कुणाच्या नावावर लावायचा हा अर्थशास्त्राचा प्रश्न. ते आपण जयंतीत किती वेळा बोललो? डीजेचा हिशेब आपल्याकडं पैशापैशाचा असतो.

आता विचारतो. ह्या सभेत चहा मिळाला सगळ्यांना? चांगला होता. कुणी केला? मागं वळून बघू नका, त्या आत भांडी घासतायत. क्रांतीवर आपण दोन तास बोललो आणि त्यातला एकही शब्द त्यांच्या कानावर गेला नाही, स्टोव्हचा आवाज होता. त्यांचे दोन तास कुठल्या रकान्यात घालायचे? आपल्या चळवळीच्या वहीत सुद्धा 'काही नाही'?

म्हणून मला पुतळा नको, तिच्या फोटोला हार नको. मला शंभर घरं पाहिजेत. ह्या वस्तीतली. पुढच्या रविवारपासून. दोघा-दोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एक बहीण, आणि प्रश्न तिनं विचारायचे, कारण आपल्याला घरातल्या बाया खरं सांगणार नाहीत. रकाने साधे. घरात माणसं किती. कोण काय करतं, किती तास, पैसे मिळतात की नाही. भाडं किंवा हप्ता. किराणा. दवाखाना. उधारी, आणि तिचं व्याज. कंत्राटदाराची कटोती. शाळा कुणाची सुटली, कितवीत, आणि कशासाठी. शेवटचा रकाना मोठा ठेवा, त्याच्यात रडू येईल. 'काही नाही' हे दोन शब्द कुणीही लिहायचे नाहीत. आणि कुठल्याही घरात नाक मुरडायचं नाही. सॅडीची ती चूक आपण करायची नाही, कारण आपण त्याच घरातले आहोत.

हे झालं की आपल्या हातात भाषण नसेल, आकडे असतील. वॉर्ड ऑफिसात आकडा घेऊन गेलेल्या माणसाला हाकलणं कविता घेऊन गेलेल्या माणसाला हाकलण्याइतकं सोपं नसतं. हे मी कवी असून सांगतोय.

वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही. 'काही नाही' खोडलं, आणि तिच्या नावापुढं लिहिलं: अकरा तास, बिनपगारी. त्या खाली लिहिलं: शाळा सुटली आठवीत, माझ्यासाठी. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता लिहिलंस ना, मग फॉर्म आण." सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावीला बसायचा. आणलाय. आजीचं अंथरूण आठवड्यातले तीन दिवस मी धुतो. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. ती हसली. हसू दे.

हंड्याचं पाणीही आता एक दिवसाआड माझ्याकडं आहे. उद्या माझी पाळी आहे, ती सव्वाचारला सुरू होते.

जय भीम.